सात घरचं जेवण

पुजाऱ्यानं पहारीनं दार उचकटलं तेव्हा माझा भाऊ भिंतीकडं तोंड करून पडला होता. हाक मारली तर हलला नाही. मी त्याला धरून वळवलं तेव्हा हाताला नुसती हाडं लागली. ओठ चिरलेले, डोळे अर्धे उघडे. पुजाऱ्यानं नाकापाशी हात धरला आणि म्हणाला, "श्वास हाय. पाणी आना."

भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आणि परभणीत त्याला जेवू घालणारी सात घरं होती.

आमचं गाव गंगाखेडच्या पलीकडं, गोदावरीच्या काठाला. वडील भिक्षुकी करायचे. मी चौथीपर्यंत शिकले आणि मला परभणीत दिलं. भाऊ हुशार निघाला म्हणून पुढच्या शाळेला वडिलांनी त्याला परभणीला आणलं. त्याला घरात ठेवून घ्या असं सासूबाईंना म्हणायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा गरीब मुलांना वार लावून द्यायची रीत होती. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा निघायचा. मीच घरोघर जाऊन त्याचे वार मागितले. गुरुवार आमच्याकडं ठेवला. राहायला देवळामागची खोली मिळाली. एवढं जमवलं म्हणून मला माझा फार अभिमान होता.

गंगाखेडला तो उर्दूत शिकला होता, कारण निजामाच्या राज्यात वरच्या शाळा उर्दूच होत्या. गणितात पहिला यायचा. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठीत झाल्या. हिशेब तेच, पण बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार त्याला जमा, तफरीक, जरब, तकसीम असेच यायचे. फळ्यापुढं उभं केलं की तोंडातून उर्दू निघायचं आणि मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, "रझाकार आला रे." त्याच रझाकारांच्या भीतीनं आम्ही घरदार सोडून ज्वारीच्या रानात लपलो होतो. तेव्हा हा आईला चिकटून बसला होता. हे त्या पोरांना कोण सांगणार?

पहिल्याच परीक्षेत तो खाली आला. मग जेवणाच्या घरांनी विचारायला सुरुवात केली. जो घास घालतो त्याला विचारायचा हक्क असतो, असं सगळ्यांनाच वाटायचं. आमच्या घरीही तेच. माझे मालक कचेरीत कारकून होते. एका गुरुवारी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काय शास्त्रीबुवा, गणितात किती?"

"बत्तीस."

"शंभरातले?"

तो मान खाली घालून भात कालवत राहिला. मालक मला म्हणाले, "वाढ गं अजून एक पोळी. डोक्यात जात न्हाई, पोटात तरी जाऊ दे."

सासूबाई हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले. न हसते तर सासूबाईंना वाटलं असतं, हिला भावाचं लागलं. मला वाटत होतं, तो समजून घेईल.

हात धुताना तो हळूच म्हणाला, "अक्का, मला गावाकडं जायचंय."

"कशाला?"

"झोप येईना. शाळेची वेळ झाली की पोटात गोळा येतो."

"मग ओवा खा. गावाकडं जाऊन काय करणार? बाबांमागं झोळी घेऊन हिंडणार? सात घरची माणसं माझ्या तोंडाकडं बघून तुला वाढायलेत. माझं नाक कापू नको."

तो बरं म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "कुठं गोडाधोडाचं असेल, तिकडं गेला असेल." मी त्याचं ताट वाढलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. मालकांचं बोलणं नको, माझं हसणं नको. एक गुरुवार सुखानं गेला.

मग विहिरीवर सोमवारच्या घरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "का गं, तुझा भाऊ सोमवारी आला न्हाई. ताट वाढून बसलो आमी. न्हाई यायचं तर सांगावं माणसानं."

न सांगता वार चुकवणं म्हणजे त्या घराचा अपमान. असा वार काढून दुसऱ्या मुलाला देत. तो वार गेला तर मला पुन्हा दारोदार पदर पसरावा लागला असता. मी घागर भरता भरता म्हणाले, "गावाकडं गेलाय काकू. आई आजारी हाय. गडबडीत सांगायचं राहिलं."

काकूंचा राग गेला. आईची चौकशी केली. मला वाटलं, निभावलं. संध्याकाळी देवळाकडं जाऊन बघून येऊ असं मनात आलं होतं, पण निघाले नाही. सासूबाईंना काय कारण सांगू, हा प्रश्न होता. आणि खोलीत तो भेटला तर काय बोलू, हाही.

काकूंनी ते बाकीच्या घरांना सांगितलं. त्यांच्याही दारी तो गेला नव्हता. मुलगा गावी गेला हे कळल्यावर सगळी घरं निवांत झाली. शाळेतही तेच कळलं. एक घर असतं तर दुसऱ्या दिवशी कोणी बघायला गेलं असतं. सात घरांत प्रत्येकाला वाटायचं, आपला एकच वार चुकला. माझ्या एका वाक्यानं त्यांचं तेवढं वाटणंही बंद झालं.

शेवटी पुजारी आमच्या दारात आला. मालक कचेरीत गेले होते. तो म्हणाला, "बाई, पोरगं गावी गेलंय म्हनतेत. मग बाहेरून कुलूप कसं न्हाई? आतून कडी हाय." मी सासूबाईंना न विचारता अनवाणी त्याच्यामागं निघाले.

पुजाऱ्यानं त्याला उचलून आमच्या घरी आणलं. डाक्टरनं साखरेचं पाणी चमच्यानं घालायला लावलं. रोग काही नाही म्हणाला. आईनं दिलेला गूळ आणि शेंगदाणे संपेपर्यंत तो त्यावर होता, नंतर नुसत्या पाण्यावर. सासूबाईंचं म्हणणं, बाहेरचं लागलं. दुसऱ्या दिवशी तो बोलला. मी विचारलं, "जेवायला का गेला न्हाईस रे?"

"भूकच मरून गेली. आन् जेवायला बसलं की विचारतेत."

तेवढ्यात सोमवारच्या काकू बघायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अगं, तू तर म्हणालीस गावाकडं गेलाय म्हणून." मी चूल फुंकायला लागले. त्यानं डोळे मिटले होते, पण तो जागा होता. त्या बोलण्याबद्दल त्यानं मला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. मीही सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण सांगून काय फरक पडला असता, ते मला अजून कळलेलं नाही.

वडील आले आणि त्याला आगगाडीनं घेऊन गेले. वडिलांनी माझे उपकार मानले, वेळेवर धावलीस म्हणाले. मी मानून घेतले.

तो पुन्हा शाळेत गेला नाही. पुढं जिंतूरला एका दुकानात कामाला लागला, तिथंच लग्न केलं. आमच्या घरी लग्नकार्याला यायचा, जेवायचा मात्र नाही. उपास आहे म्हणायचा.

आईवडील गेले, सासूबाई गेल्या, मालक गेले. भाऊ जिंतूरला आहे, मी परभणीत आहे.