सीडीतून कापले गेलेले गुरू

मठामठांतून फिरणाऱ्या आणि फिरून जरा खट्टू होऊन परतणाऱ्या वाचकहो, आपलं दुखणं एकच आहे. कुठल्याही मठात जा, भिंतीवर दोनच तसबिरी मोठ्या. एक मूळ पुरुषांची, दुसरी सध्याच्या महाराजांची. ज्यांनी ती शिकवण हातातून हातात दिली ती मधली माणसं कुठे गेली असं विचारलं, तर कार्यालयातला माणूस आपल्याकडे देणगी न देता निघालेल्या पाहुण्यासारखं बघतो. परंपरा म्हणजे ही मधली माणसंच, हे मी व्याख्यानमालांतून घसा फोडून सांगत आलो आहे. दोराची दोन्ही टोकं जपली आणि मधला दोर कापला, तर घागर वर येणार कशी?

म्हणून यंदा, २००७ सालच्या हिवाळ्यात, जयसिंगपूरच्या महावीरचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. महावीर माझा कॉलेजपासूनचा मित्र. जैन घरातला, ऊस आणि भांडी असे दोन्ही धंदे सांभाळणारा, आणि आजोबांपासून सिद्धवाडच्या मठाला जाणारा. तिथे रोज दिवेलागणीला सगळी गुरुपरंपरा पहिल्यापासून म्हणतात, प्रत्येक गुरूला समईची एक वात लावतात. उत्सवाला ये, दोन शब्द बोल, खीर खा, असं त्याचं आमंत्रण. सगळी परंपरा, हे शब्द ऐकले आणि मी पिशवी भरली.

साताऱ्याहून एसटीने कोल्हापूर. महामार्ग आता इतका सरळ झाला आहे की पेंग लागली आणि कराड हुकलं. बसस्थानकासमोर मिसळ खाल्ली. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी कट वेगळा मागावा, कुणी हसत नाही. हसले तरी वाढतात. रेल्वेने येणाऱ्यांनी कोल्हापूरपर्यंत यायचं कारण नाही, जयसिंगपूरलाच उतरावं. मला मात्र अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं, ते घेतलं आणि दुपारच्या एसटीने पुढे निघालो. हातकणंगल्यानंतर दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो तो संपत नाही. हंगाम भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर कर्णे, त्यात गाणी. आपली गाडी त्यांच्या मागे अडकली की खिडकीतून हात काढून एखादं कांडं ओढून घ्यावं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला न विचारता अर्धं दिलं.

जयसिंगपूरहून महावीरच्या जीपमधून शिरोळमार्गे सिद्धवाड. स्वतःची गाडी नसेल तर शिरोळपर्यंत बस आणि पुढे वडाप, म्हणजे माणसं भरेपर्यंत न हलणारी जीप. खिशाला काहीच जड नाही, फक्त मांडीवर कुणाची तरी कोंबडी घ्यायची तयारी हवी. मठात उतरायला खोल्या आहेत, अंथरूण-पांघरूण आपलं आणावं. कृष्णेकाठची थंडी चटईला जुमानत नाही.

मठ म्हणजे नदीकडे तोंड केलेली एक लांब ओसरी. गादी नाही, सिंहासन नाही. या संप्रदायाचा एक नियम मला फार आवडला: गुरूने आपल्या घरातला शिष्य वारस म्हणून निवडायचा नाही. त्यामुळे परंपरेत एक गुरू लिंगायत वाण्याच्या घरचा, पुढचा धनगराचा, त्याच्या पुढचा जैन शेतकऱ्याचा. ज्यांनी अध्यात्माचा सातबारा करून मुलाच्या नावावर चढवला त्यांनी इथे येऊन ओसरी झाडावी, असं मी महावीरला म्हणालोही. तो म्हणाला, झाडायला नंबर लागतो.

संध्याकाळी सगळे जमले. समितीचे अध्यक्ष मल्लाप्पा अण्णा, खतांचे दुकानदार, यांनी खिशातला रुमाल काढून सीडी प्लेअरवरची धूळ पुसली आणि बटण दाबलं. कर्ण्यातून आवाज आला: बाळसिद्ध, त्यांचे शिष्य लिंगसिद्ध, त्यांचे शिष्य गोविंदसिद्ध... एका बाईने पुढे होऊन नावागणिक वात लावली. आठ नावं, आठ वाती, नवी कोरी झगझगीत समई. मग सीडीतच आरती. लोक उठून खिरीकडे वळले. मी जरा हिरमुसलो, पण नावं तरी सगळी ऐकायला मिळाली, असं मनाला समजावलं.

वाती लावणारी बाई मात्र उठली नाही. समईकडे पाठ करून बसून राहिली. ही पारव्वा. पाच एकर ऊस स्वतः उभी राहून तोडून घेणारी, सत्तरीला आलेली, आणि आवाज असा की नदीपलीकडची म्हैस वळून बघेल. तिच्या सासरकडे मठाच्या दिवाबत्तीचा मान आहे. मी विचारलं, अव्वा, जेवायला नाही येत?

"ज्या पंगतीत धनीच न्हाई, त्या पंगतीत काय बसायचं?" ती म्हणाली. आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझी खीर पानातच राहिली.

गुरू आठ नाहीत, नऊ आहेत. सहाव्यांचे शिष्य, म्हणजे सातवे गुरू, कोण ते कुणी सांगत नाही. ते नदीवर नाव हाकायचे, आल्यागेल्याला पार करायचे, कधी कुणाला शब्दाने उपदेश केला नाही. जाताना त्यांनी एवढंच मागितलं की आपलं नाव घेऊ नये. तेव्हापासून परंपरा म्हणणारा सहावं नाव घेऊन म्हणतो, 'त्यांचे शिष्य', आणि थांबतो. वात लावून ज्योत स्थिर होईपर्यंत सगळी ओसरी गप्प. मग तो पुन्हा म्हणतो, 'त्यांचे शिष्य', आणि पुढचं नाव येतं. बाई होती की पुरुष, कुठल्या जातीचं माणूस, कुणालाच माहीत नाही.

गेल्या वर्षी परंपरा म्हणणारे तात्या म्हातारपणी मुलाकडे बिद्रीला राहायला गेले. जायच्या आधी अण्णांनी हौसेने त्यांना कोल्हापूरला नेऊन स्टुडिओत सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांनीही ऐकावं, हा हेतू. तात्यांनी नेहमीसारखं म्हटलं. स्टुडिओवाल्याला वाटलं, म्हातारा अडखळला, दोनदा 'त्यांचे शिष्य' म्हणाला. त्याने रिकामी जागा आणि एक 'त्यांचे शिष्य' कापून टाकलं, इमानदारीने. सीडी छान झाली. पुढे जुनी समई गळायला लागली म्हणून महावीरने नवी करून दिली, तेव्हा त्याने सीडी ऐकून नावं मोजली आणि तांबटाला आठ वातींची समई सांगितली.

पारव्वा बोलली होती. तिला सांगण्यात आलं, पुढच्या वेळी बघू. जुनी नऊ वातींची समई कोठीत पोत्याखाली होती आणि उत्सव आटोपला की मोडीत जायची होती. त्यातून सुटणारे पैसे सीडीच्या आणखी प्रती काढायला. मग घराघरांत आठच गुरू होणार. सातवा कायमचा गेला असता, आणि ज्याचं नावच नाही त्याला शोधायचं कुठल्या पुस्तकात?

मी पेटलो. आधी महावीरला धरलं. तो ओशाळून म्हणाला, अरे, मला वाटलं मीच लहानपणापासून चुकीचं मोजत होतो. अण्णा मात्र हटेनात. त्यांचं म्हणणं, रिकाम्या जागेत कर्णा नुसता घूं करतो, लोकांना वाटतं लाईट गेली. आणि नव्या पोरांना आता असंच पाठ झालंय. वाईट माणूस नाही. तात्या गेल्यावर परंपरा बंद पडू नये म्हणून खिशातून खर्च केलेला माणूस. पण सगळ्यात जास्त मोडतोड हौसेनेच होते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यावर त्यांनी मला आणखी तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. पाण्यावर वाफ, काठावर वांग्यांचे मळे. ही वांगी भाजून, वर कच्चं तेल आणि दही घालून भाकरीबरोबर मिळतात. मठासमोरच्या एकुलत्या खानावळीत सांगून ठेवावं लागतं. तिथेच पारव्वा भेटली. मी तिला म्हटलं, संध्याकाळी माझं भाषण आहे, असा विषय मांडतो की अण्णा स्वतः ती सीडी कृष्णेत सोडतील. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पावणं, तुमी बोलून बोलून त्यास्नी गप बसाय शिकिवणार व्हय?"

खानावळवाली भाकरी थापता थापता हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. संध्याकाळी नियमाबद्दल बोललो, वारशाबद्दल बोललो, सातव्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वात लहान भाषण असावं. महावीरने हातात हात घेऊन अभिनंदन केलं, त्यात थोडी चेष्टा होती.

दिवेलागण झाली. ओसरी भरून अंगणात माणसं. अण्णांनी बटण दाबलं. पारव्वा पुढे आली, एका हातात काडवात, दुसऱ्या हातात मातीची पणती. नावं येत गेली, वाती लागत गेल्या. सहाव्या नावाला तिने वात लावली, वळली आणि अण्णांच्या समोर उभी राहिली.

"थांबीव."

अण्णांचा हात बटणावर होता. त्या आवाजापुढे तो आपोआप दाबला गेला, की त्यांनीच दाबला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कर्णा बंद झाला. पारव्वाने पणती नव्या समईशेजारी जमिनीवर ठेवली आणि काडवात टेकवली. वात ओली असावी, धरेना. पुन्हा टेकवली. कुणीतरी पुटपुटलं, त्याला बायकोने कोपर मारलं. तेवढ्यात अण्णांचा मोबाइल वाजला. त्यांनी दोन्ही हातांनी खिसा असा आवळला की जणू आत साप आहे. मग काहीच नाही. नदीचा आवाज मी दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकला. माझ्या शेजारचे म्हातारे डोळे मिटून हात जोडून बसले होते, ओठ बंद. त्यांना सवय होती, हे दिसत होतं. पलीकडच्या कोपऱ्यातही तसेच चार हात जोडलेले. लोक विसरले नव्हते. त्यांना कुणी थांबू दिलं नव्हतं.

ज्योत उभी राहिली. पारव्वा म्हणाली, "हां, चालू दे."

अण्णांनी बटण दाबलं नाही. खाकरले आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाले, त्यांचे शिष्य सदासिद्ध. त्यांच्याबरोबर अर्धी ओसरी बोलली, आणि पुढचं, शेवटचं नाव सगळ्यांनी म्हटलं. खतांच्या दुकानदाराचा आवाज काही गोड नव्हता, पण नऊ गुरू पुरे झाले.

त्या पंगतीला पारव्वा जेवली. खपली गव्हाची खीर, दोनदा मागून. अण्णा वाढत होते. म्हणाले, स्टुडिओत परत जातो, त्याला सांगतो, रिकाम्याचंबी पैसं घे बाबा, पर कापू नगं. महावीरने नवी समई कोल्हापूरला न्यायची आणि तांबटाकडून नवव्या वातीचं नाक जोडून आणायचं कबूल केलं. जुनी मोडीत जायची नाही, हेही ठरलं. तात्यांना बिद्रीला कळवायला कुणीतरी लगेच फोन लावला आणि मग सगळे एकदम त्यात बोलू लागले.

साताऱ्याला परतून आता आठवडा झाला. सातवे गुरू कोण, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मला आवडू लागलं आहे. नाव नसलेल्या त्या जागेवर कुठल्याही जातीचा, कुठल्याही घरचा माणूस बसू शकतो, बाईही. नाव हाकणारा माणूसही गुरू असतो, हे सांगायला मला आजवर तास-दीड तास लागायचा. तिथे एका ओल्या वातीएवढा वेळ लागला.

तर वाचकहो, फिरायला सिद्धवाडला जरूर जा, पण त्याआधी एक काम करा. येत्या गुरुवारी तुमच्या गावच्या मठात जा, तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर बसा आणि सगळी गुरुपरंपरा पहिल्यापासून तोंडाने म्हणून दाखवायला सांगा. तो मध्येच थांबला, तर पुढचं नाव तुम्ही सुचवू नका.