कानातून गेलेली वरात

आमच्या मास्तरांना उभं राहून क्लॅरिनेट वाजवता येत नसे. बसून तर नसेच नसे. क्लॅरिनेट ओठांना लागली की पाय निघालेच पाहिजेत. एकदा ठाण्यातल्या एका हळदीला गर्दीत चालायला जागा नव्हती, म्हणून यजमानांनी त्यांना पाण्याच्या पिंपावर चढवलं. पिंप आडवं झालं. मास्तर त्याच्यावर पाय टाकत टाकत, एकही सूर न सोडता, गल्ली उतरून थेट खाडीच्या तोंडाशी पोचले, आणि मागोमाग अख्खी हळद. हे मी स्वतः पाहिलंय. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी मध्ये बोलू नये.

मास्तर ठाण्याच्या कोळीवाड्यातले. त्यांच्या पार्टीचं नाव होतं ‘भरती-ओहोटी ब्रास बँड’. तरुणपणी मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात एका गोवेकर वादकाच्या हाताखाली राहून ते स्विंग नावाचा आजार घेऊन आले आणि तो त्यांनी कोळीगीतांना लावला. ठेका सरळ पडायचा नाही, किंचित मागे रेलून पडायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, वाजवणारे प्यायलेत. दुसऱ्यांदा ऐकेपर्यंत तो स्वतःच डुलायला लागलेला असायचा. कुणी म्हटलं, “मास्तर, हे इंग्लिश संगीत आपल्याकडे कशाला?” तर ते म्हणत, “इंग्लिश? भरतीच्या टायमाला होडीत उभा राहून दाखव. पाय टाकशील तो सरल पडतो काय? आधी तोल, मंग पाय. ह्याला सायब स्विंग बोलतो. आमी चालनं बोलतो.”

माणसांची नावं मास्तरांच्या लक्षात राहत नसत, स्टेशनं राहत. त्यामुळे आमच्या बँडमध्ये माणसं नव्हती, टाइमटेबल होतं. ट्रम्पेटवाला तो टिटवाळा, मोठ्या ढोलवाला ठाकुर्ली, सॅक्सोफोनवाला विठ्ठलवाडी. मी दिवसा कचेरीत आणि लग्नसराईत गळ्यात साईड ड्रम अडकवून, म्हणजे डोंबिवली. “ए टिटवाला, सूर घसरला! डोंबिवली, तू पुढं कनाला पलतोस? ठाकुर्ली येऊ दे की!” असं मास्तर भर वरातीत ओरडायचे, आणि वऱ्हाडातली पाहुणेमंडळी आपापल्या पिशव्या चाचपायची.

मास्तरांचा डावा कान ठार बहिरा होता. त्याचं श्रेय टिटवाळ्याचं. हा मनुष्य वर्षानुवर्षं मास्तरांच्या डाव्या खांद्याला चिकटून चालला आणि त्याचा ट्रम्पेट असा, की कोळीवाड्यात वाजला तर मुंब्र्याच्या डोंगरावरची घारसुद्धा घरटं हलवायची. टिटवाळ्याला याचं मनापासून वाईट वाटे. तो माफी मागायचा, पण नेहमी डाव्या बाजूने. मास्तरांना ती कधी ऐकूच गेली नाही.

ऐंशीच्या दशकात कोळीगीतांच्या कॅसेटी वडापावसारख्या खपत होत्या, तेव्हा मुंबईच्या एका कंपनीने आम्हाला बोलावलं. स्टुडिओ थंडगार, जमिनीला गालिचा, भिंतींना गाद्या. रेकॉर्डिस्ट सडपातळ आणि दुखावलेल्या चेहऱ्याचा. त्याने आम्हाला अर्धगोलात खुर्च्या दिल्या, खूण केली, आणि आत काचेमागे जाऊन बसला. शांतता पसरली. बराच वेळ पसरूनच राहिली.

“मास्तर, सुरू करा ना,” काचेमागून आवाज आला.

“केलाय की.”

“मला काहीच ऐकू येत नाहीये!”

“पाय बंद हायत तर येनार कुटून?”

खोटं वाटेल, पण खुर्चीवर बसल्या बसल्या आम्हा सगळ्यांची वाचाच गेली होती. ठाकुर्लीचा हात ढोलावर पडेना. विठ्ठलवाडीला सॅक्सोफोन कुठल्या बाजूने फुंकतात ते आठवेना. जन्मभर चालत वाजवलेली माणसं आम्ही. लय हातात नव्हतीच, ती चपलांत होती, आणि चपला बाहेर काढून ठेवायला लावल्या होत्या. शेवटी मास्तर उठले. “चपला घाला,” म्हणाले. खुर्च्या भिंतीला लावल्या. मधोमध दोन माईक पाठीला पाठ लावून उभे होते, त्यांना देवळातल्यासारखी प्रदक्षिणा घालत मास्तर निघाले, आणि मागून आम्ही. अहो, काय वाजला बँड त्या दिवशी!

रेकॉर्डिस्ट बाहेर धावत आला. “आवाज लांब जातोय! माईकसमोर थांबा!” मास्तरांनी त्याच्याकडे डावा कान केला. शेवटच्या गाण्याला तर कहर झाला. मास्तरांचा एक नेम होता : मांडवाच्या दारात पोचलं की वाजवत वाजवत मागे फिरायचं, शेवटचा सूर मांडवात पडू द्यायचा नाही, गल्लीच्या वळणावर टाकून यायचा. “मांडवात थांबनारा सूर पावन्यासारका जड होतो,” असं ते म्हणत. त्याप्रमाणे ते प्रदक्षिणा मोडून दाराकडे वळले, दार उघडलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन वाजवत जिना उतरून रस्त्यावर गेले. रेकॉर्डिस्टने परत काही आम्हाला वर बोलावलं नाही.

कॅसेट बाजारात आली आणि आमचं हसं झालं. घरोघरचे एका भोंग्याचे टेपरेकॉर्डर. त्यात आमचा बँड नुसता मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा. लोक बटणं पिरगाळून दमले. कल्याणच्या दुकानदाराने गठ्ठे परत पाठवले : टेप खेचलेली आहे. ठाण्यात लोकांनी मास्तरांना नाव ठेवलं, ‘लांब मास्तर’. हळदीला ते क्लॅरिनेट उचलायचे आणि मागून पोरंटोरं ओरडायची, “मास्तर, जवळ या! ऐकू येत नाय!”

आम्हीही त्यांना म्हणालो, “मास्तर, कॅसेट फॉल्टी आहे, मान्य करून टाका.” ते एकच बोलत, “कॅसेट बरोबर हाय. वरात काय बसून ऐकतात? ऐकनाऱ्यानं पन उठाया पायजे.” यावर लोक अजूनच हसायचे. एका हळदीला खुद्द नवरदेव ओरडला, “जवळ या!” मास्तर जागच्या जागी थांबले. चालता चालता थांबलेले मास्तर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. क्लॅरिनेट पेटीत गेली, पेटी माळ्यावर. भरती-ओहोटीला कायमची ओहोटी लागली आणि आम्ही आपापल्या स्टेशनांवर उतरून गेलो.

आता नव्वदचं दशक सरत आलेलं. डोंबिवलीत सीडीचं एक नवंकोरं दुकान उघडलं होतं. काउंटरवर हेडफोन ठेवलेले, गिऱ्हाइकाने आधी ऐकावं म्हणून. मी बायकोसाठी अभंग घ्यायला गेलो आणि माझा हात हवेतच राहिला. रॅकमध्ये ‘भरती-ओहोटी ब्रास बँड’! कव्हरावर नारळाचं झाड आणि होडी, आमच्यापैकी कुणाच्याही मालकीचं नसलेलं. दुकानदाराने आतलं पान वाचून सांगितलं, “काका, कंपनीच्या गोदामात मूळ टेप सापडली म्हणे. कॅसेट काढताना दोन्ही माईकचे आवाज एकात कोंबले होते, आता सुटे केलेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. लावू?”

त्याने लावली. डाव्या कानात, लांब, ठाकुर्लीचा ढोल. तो जवळ येऊ लागला. मागून विठ्ठलवाडीचा सॅक्सोफोन. माझी पाचावर धारण बसली. कारण आवाज नुसता मोठा होत नव्हता, आवाज चालत होता! डावीकडून निघाला, नाकासमोरून गेला, उजवीकडे वळला आणि पुन्हा आला. चपलांचा आवाज. टिटवाळ्याचा विड्यांचा खोकला. माझाच साईड ड्रम माझ्या खांद्याला घासून पुढे गेला. आणि मग डाव्या अंगाने ट्रम्पेट असा काही अंगावर आला, की मी वरातीला वाट द्यायला दोन पावलं मागे सरलो. मागे रॅक होता. भावगीतं, लावण्या आणि गणपतीच्या आरत्या एकदमच खाली आल्या.

“अहो काका, काय झालं?”

“वरात आली,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? मूळ टेप बरोबर होती. मास्तर बरोबर होते.

तसाच टिटवाळ्याला फोन केला. तो त्यात तोंड घालून ओरडला, “डोंबिवली, शपथ घे!” दुसऱ्या दिवशी सकाळी सीडी प्लेअर, हेडफोन आणि दोन स्पीकर घेऊन आम्ही कोळीवाड्यात हजर. दारात वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, सुकट निवडत होती.

“आयलाव? लय उशीर केलाव,” ती म्हणाली. “उजवा कान पन चाललाय त्यांचा. डाक्टर बोलला, पावसालाबर पुरंल नाय पुरंल.”

मास्तर खाटेवर बसले होते, वाळलेल्या बोंबलासारखे. मी घाईघाईने हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला, बटण दाबलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. चेहरा उजळला. मग विझला. पुन्हा उजळला, पुन्हा विझला.

“येते आनि मरते,” मास्तर हेडफोन काढत म्हणाले. “उजवीकरं येते, डावीकरं गेली का खलास. लोक बोलायचे ते खरं रे डोंबिवली. फॉल्टीच हाय.”

साऱ्या जगाला ऐकू येणारी वरात ज्याने काढली, त्यालाच ती अर्धी! टिटवाळा तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या डाव्या कानात ट्रम्पेट कुणी फुंकला होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा वहिनी सुपडं खाली ठेवून उठली. “इतकी वरसं लोकांना तुमी काय सांगत होतं? ऐकनाऱ्यानं उठाया पायजे. मंग सोता कनाला बसलंय?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “माईक कसे होते रे?”

“मधोमध. पाठीला पाठ.”

“मंग बगतोस काय?”

खाट भिंतीला लावली, स्पीकर खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून ठेवले, माईक होते तसे. मास्तरांनी चपला मागितल्या. मी बटण दाबलं आणि मास्तर निघाले, प्रदक्षिणेच्या वाटेने, चांगला कान आतल्या बाजूला. पहिल्या फेरीला पावलं चुकली. दुसऱ्या फेरीला जुळली. आणि मग मास्तरांनी उजवा हात वर करून आम्हाला गप्प केलं, आम्ही गप्पच असताना.

“चालतेय,” ते म्हणाले. “माझी क्लॅरिनेट माझ्याबरोबर चालतेय. मी जातो तिकरं येतेय.”

ज्या वाटेने तेव्हा चालले होते त्याच वाटेने मास्तर चालत होते, त्याच ठेक्यावर, तोल आधी, पाय मग. त्यांचा तरुण आवाज त्यांना खांद्याला खांदा लावून सोबत करत होता आणि कुठेच मरत नव्हता. मी मागे लागलो. माझ्यामागून टिटवाळा पुढे आला, आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या उजव्या अंगाने. त्याने तिथून माफी मागितली. “आत्ता कनाला? गाना चालू हाय,” मास्तर म्हणाले. दारात कोळीवाडा जमला. त्यात ‘जवळ या’ ओरडणारे आता टक्कल पडलेले काही जण होते. थोड्या वेळाने तेही रांगेत आले. एवढ्याशा खोलीत दोनशे माणसं प्रदक्षिणा घालत होती. बरं, वीस धरा.

शेवटचं गाणं लागलं. आवाज दाराकडे वळला, आणि मास्तरही वळले. गर्दी दुभंगली. सीडीतला बँड जिना उतरू लागला, मास्तर पायरी उतरून गल्लीला लागले. खाडीकडच्या वळणावर दिसेनासे झाले, आणि नेमका तिथेच शेवटचा सूर पडला. मग वळणापलीकडून हाक आली, “डोंबिवली! लांब गेलो का रे?”

मी जीव खाऊन ओरडलो, “नाही मास्तर! इथंच आहात!”

त्या पावसाळ्यात उजवा कान गेला आणि पुढच्या पावसाळ्याआधी मास्तरही. पेटीतली क्लॅरिनेट वहिनीने टिटवाळ्याला दिली. त्याला ती वाजवता येत नाही, पण तो ती घेऊन रोज सकाळी चालायला जातो.

सीडी माझ्याकडे आहे. कधीमधी संध्याकाळी लावतो, चपला घालून. शेवटचं गाणं आलं की उठून घराचं दार उघडतो. बायको म्हणते, “अहो, डास येतात.” येऊ देत. मास्तरांना बाहेर जायचं असतं.