बत्तीसचा आवाज

आत्या ओट्यावर आडव्या पडल्या होत्या. खांद्यावर कोयत्याचा घाव होता आणि मी अंगणात उभी राहून आभाळात गोळ्या झाडत होते. चोर केव्हाच उसात शिरले होते. आता गोळी कुणाला मारायची नव्हती. कुणीतरी यावं म्हणून झाडत होते. एक झाडली आणि ऐकत उभी राहिले. गावाकडून उत्तर आलं ते फटाक्यांच्या माळेचं. साखर कारखान्याच्या निवडणुकीची मोजणी होती त्या दिवशी, आणि सगळ्या शिवारात जो तो आपापलं पॅनल निवडून आलं म्हणून फटाके लावत होता. मी आणखी एक झाडली. आणखी एक माळ वाजली.

"कुनी येतंय का बघ गं," आत्या म्हणाल्या.

मी बघितलं. बांधावर कुणी नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

संतोष, तुझा परवा फोन आला म्हणून हे लिहायला घेतलं. तू त्याच वस्तीवर राहतोस, त्याच ओट्यावर बसतोस. फोनवर म्हणालास, "काकू, लायसन निघालंय. बत्तीसचं रिव्हॉल्वर घेऊ का पिस्तूल? का बावीसवर भागंल? रेखा दिवसभर एकटीच असती. पोरं म्हनतेत पिस्तूलच घे, कमरंला शोभतं." कमरेला शोभायला पाहिजे असेल तर मला विचारू नकोस, शिंप्याला विचार. बायकोसाठी, रेखासाठी घ्यायचं असेल तर सांगते. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तिथं राहिलेत त्यांना वाचून दाखव, आणि आपल्यातले जे इकडं पुण्याला आलेत त्यांनाही पाठव. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या घरातून त्या दिवशी फटाके वाजले होते.

तुझ्या थोरल्या काकांकडं, म्हणजे आमच्या मालकांकडं, आधी बारा बोर बंदूक होती. दोन नळ्यांची, तुझ्या आजोबांची. ती डुकरांसाठी होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, उसाबरोबर रानडुकरं आली. बारा बोर वाजली की आख्खं शिवार उठून यायचं. वाटा मागायला यायचे सगळे, हातात पिशव्या घेऊन, पण यायचे. "पडलं का हो डुक्कर?" असं लांबूनच ओरडत यायचे.

मग कालव्याला पाणी कमी आलं, एक वर्ष आलंच नाही. ऊस वाळला. वस्त्यांवरून विहिरीवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या, नंतर बायांच्या अंगावरचं जायला लागलं. मालक कारखान्याच्या मीटिंगा, प्रचार, सोसायटीचं काम यात दिवसदिवस बाहेर. वस्तीवर मी आणि आत्या. मुलगा शाळेसाठी माजलगावला. मालक म्हणाले, बारा बोर शिकून घे. मी दोनदा झाडली. खांदा काळानिळा पडला, भाकरी थापता येईना. आणि घरात ती वळवायची म्हटलं तर नळी चौकटीला अडकायची. चोर काय अंगणात उभा राहून वाट बघणार आहे का?

म्हणून आम्ही औरंगाबादला दुकानात गेलो. मी आयुष्यात एवढी हत्यारं एका जागी बघितली नव्हती. दुकानदार म्हातारा होता, चांगला माणूस. म्हणाला, "बाई, नऊ मिलिमीटरचं नाव काढू नका, ते फौजेचं. आपल्याला सरकार बत्तीस देतं नाहीतर बावीस. बावीसनं कुत्रं पळंल, माणसाचा भरोसा नाही." बत्तीसमध्ये दोन प्रकार दाखवले. पिस्तुलाचं वरचं लोखंड मागं ओढावं लागतं. मी ओढलं, अर्ध्यावर येऊन अडकलं. मालक हसले. दुकानदार हसला नाही. त्यानं रिव्हॉल्वर हातात दिलं. त्याला ओढायचं काही नव्हतं. चाप दाबला की काम झालं.

मला बरं वाटलं ते हातात. बहात्तरच्या दुष्काळात, लग्नाआधी, मी उमापूरकडं खडी फोडायला जायचे. मुकादम सकाळी हातोड्यांचा ढीग पुढं टाकायचा. नव्या पोरी जड हातोडा उचलायच्या, एका घावात दगड फुटतो म्हणून. दुपारी त्यांची मनगटं सुजलेली असायची. मी हलका घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत फोडायचे. दुकानात मी मालकांना तेच म्हणाले, की मला पेलतं ते घ्या. ते म्हणाले, "हिच्या हाताला बसतंय, हेच द्या." आमच्या आख्ख्या संसारात माझ्या हाताचं माप बघून घेतलेली ती एकच वस्तू. बांगड्यासुद्धा ते अंदाजानं आणायचे.

लायसनवर वापरणारी म्हणून माझंही नाव घालून घेतलं. बारा बोर विकली. दोन्ही ठेवता आली असती. मालक म्हणाले, दोन कशाला.

घरी आल्यावर आत्यांनी रिव्हॉल्वर फडक्यातून काढून उलटंपालटं करून बघितलं. म्हणाल्या, "चिलीम आनली का रं बाबा? याला बघून तर डुकरं हसत्याल." मग मला म्हणाल्या, "आन याचा आवाज कुठपतूर जातोय?" मालक म्हणाले, "आवाज कशाला पायजे, आये? काम झाल्याशी मतलब."

त्यांचं चुकीचं नव्हतं. दुकानात आम्ही सगळं बघितलं, वजन, चाप, धक्का, माणूस थांबेल का नाही. आवाजाचं आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

त्या दुपारी दोन माणसं आली आणि पाणी मागितलं. दुष्काळात पाण्याला नाही म्हणत नाहीत. आत्या तांब्या घेऊन उठल्या. मी आत पीठ चाळत होते. आत्यांचा आवाज ऐकला, तो ओरडण्याचा नव्हता, शिवी दिल्याचा होता. बाहेर आले तर एकाच्या हातात आत्यांची बोरमाळ आणि दुसऱ्याच्या हातात कोयता. आत्यांनी माळ सोडली नसणार. त्या जिवंतपणी कुणाला काही सहज देणाऱ्यातल्या नव्हत्या.

मी आत जाऊन ज्वारीच्या कोठीमागून रिव्हॉल्वर काढलं. पहिली गोळी त्यांच्या अंगावरच झाडली. लागली नाही. दुसरीही लागली नाही, पण ते पळाले. म्हणजे हत्यारानं त्याचं काम केलं. मनगटाला धक्का बसला नाही, चाप अडला नाही. दुकानदारानं सांगितलं तसंच सगळं झालं.

उरलेल्या चार मी माणसं बोलवायला झाडल्या. रक्त थांबवायला लुगडं बांधलं होतं, ते भिजलं. आत्यांना सोडून गावात पळत जावं का, हे मला ठरवता येईना. त्यांनी माझा पदर धरला होता. दर गोळीनंतर त्या विचारायच्या, कुनी येतंय का. शेवटच्या गोळीनंतर विचारलं नाही. पदर मात्र धरलेलाच होता.

मालक ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हा गुलालानं माखलेले होते आणि हसत होते. त्यांचं पॅनल आलं होतं. आत्यांना ट्रॉलीत घातलं, खाली वैरण अंथरली, माजलगावच्या दवाखान्याकडं निघालो.

शेजारच्या वस्तीवरची गयाबाई नंतर आली. माझ्याजवळ बसून म्हणाली, "ताई, ऐकला की म्या आवाज. मला वाटलं तुमच्यातबी फटाके आनलेत. तुमचंच पॅनल आलं ना." ती खोटं बोलत नव्हती. बारा बोर वाजली असती तर ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळत आली असती. फटाक्याला कोण उठतं?

त्यानंतर मला त्या ओट्यावर बसवेना. मी मालकांना म्हणाले, तुम्हाला राहायचं तर राहा. ते माझ्यासोबत निघाले. जमीन तुझ्या बापाला कसायला दिली. टेम्पोत भांडी, कोठी, दोन गाद्या. जाताना मालकांनी रिव्हॉल्वर ठाण्यात जमा केलं आणि पावती खिशात ठेवली. ते हत्यार त्यांनी परत आणलं नाही. गयाबाई रस्त्यापर्यंत आली होती. मी तिच्याशी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं. तेव्हा वाटलं नाही.

पुण्यात मालक एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले. हातात काठी. कारखान्याच्या सभेत माईक धरणारा माणूस गाड्यांना सलाम करायचा. ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली.

आता मी मुलाच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर असते. इथंही सोसायटीच आहे, चेअरमन आहे, निवडणूक आहे. खाली सिक्युरिटी, दाराला भिंग, भिंतीला इंटरकॉम, दोन दोन लॅच. इथं चोर यायचा नाही. मुलगा-सून ऑफिसला, नातू हॉस्टेलला. मागच्या उन्हाळ्यात कुकर फुटला. झाकण छताला जाऊन आदळलं, खिडकीची काच गेली. बारा बोरपेक्षा मोठा आवाज. मी खाली बसले आणि दाराकडं बघत राहिले. एका मजल्यावर चार घरं, पण एकही दार उघडलं नाही. संध्याकाळी सुनेनं मोबाईल दाखवला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, दुपारी ड्रिल मशीन चालवू नये.

मला गाव आठवतं का, असं इथल्या बाया विचारतात. विहीर, ऊस, चुलीवरची भाकरी असलं काही मला आठवत नाही. भाकरी मी इथंही करते. मला पिशव्या घेऊन बांधावरून येणारी माणसं आठवतात, वाटा मागणारी, लोचट. आवाज झाला की उठून येणारी माणसं जिथं आहेत ते घर, एवढंच मला आता कळतं. तसं घर आम्ही विकलं ते बारा बोरबरोबर.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बावीस घेऊ नकोस. बत्तीसचं रिव्हॉल्वर घे, पिस्तूल नको. पण दुकानात रेखाला घेऊन जा, तिच्या हातात दे, तिला चाप दाबू दे. तू बोलू नकोस. घरी आणल्यावर आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं चहाला बोलव आणि त्यांना सांग, हा आवाज ऐकला तर या. कारखान्याच्या मोजणीच्या दिवशी घरी थांब. पॅनल तुझ्यावाचूनही येतं.

त्या दुपारी वस्तीवर चौघं होतो. आत्या माजलगाव यायच्या आधीच ट्रॉलीत गेल्या. चोर कधी सापडले नाहीत, म्हणजे तेही वाचलेच. ते दोघं वाचले आणि मी वाचले.