मास्टर पट्टी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. केमिस्ट्री शिकलेली बाई मी. पण हे घडलंय, म्हणून लिहिते...

नव्वदच्या दशकाची अखेर. सातपूरच्या एका छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी आणि वैशाली इलेक्ट्रोड बनवायचो. टायटॅनियमच्या पट्टीवर ब्रशने द्रावणाचा कोट मारायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा कोट — असा धातूच्या ऑक्साइडचा थर चढतो. त्यात बारीक भेगा, छिद्रं असतात, म्हणून खरं क्षेत्रफळ फूटपट्टीने मिळत नाही. पट्टी आम्लात बुडवून व्होल्टेज वर-खाली करायचं. जितका चार्ज धरेल तितकं क्षेत्रफळ जास्त.

वैशालीच्या पट्टीचं नेहमी जास्त यायचं. तोच ब्रश, तेच द्रावण, तीच भट्टी! मी जळायचे, सरळ सांगते. लग्न होऊन ती नामपूरला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गेली तेव्हा मला हायसं वाटलं. पण साहेबांनी तिच्या निरोपाच्या दिवशी, तिच्यासमोरच तिची एक पट्टी बरणीत ‘मास्टर’ म्हणून ठेवली. प्रत्येक नवी पट्टी तिच्याशी ताडून बघायची. हिच्या वर गेलीस तर तुझी ठेवू, म्हणाले. मग मला दुसरं काही सुचेना.

अखेर एकदाची माझी पट्टी वर गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर दोन्ही मोजल्या... मास्टर पुन्हा पुढे. बरणीत नुसती पडून राहिलेली पट्टी वाढली कशी? आम्ल बदललं, वायरी बदलल्या, बाकीच्या जुन्या पट्ट्या मोजल्या. त्या होत्या तशाच.

न राहवून त्याच संध्याकाळी वैशालीला फोन लावला. पट्टीचं अवाक्षरही न काढता विचारलं, कसं चाललंय.

“काय नाय गं, घर अन् कांदा. काल दुपारी पडल्या पडल्या मनातल्या मनात एक कोट मारला, माझ्या त्या बरणीतल्या पट्टीला. लय बरं वाटलं.”

मी घाईघाईने फोन ठेवला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा राग जास्त आला. नामपूरला लोळत पडूनसुद्धा ही माझ्या पुढे!

त्या रविवारी दुपारी मीही आडवी झाले. डोळे मिटून माझ्या पट्टीला मनातल्या मनात कोट मारला — अगदी सावकाश, एकसारखा, भट्टीसुद्धा नीट तापवून. सोमवारी मोजली.

आधीपेक्षा जरा कमीच भरली.

तिची पट्टी कशी वाढली, याचं स्पष्टीकरण मला आजतागायत मिळालेलं नाही. माझी का वाढली नाही, याचंही.