हाक पोचली पाहिजे

मागची मशीन जागेवर आहे की नाही, हे पुढच्या मशीनला कळतं कसं? हे मी संतोषदादाला, माझ्या थोरल्या भावाला, विचारलं होतं. तो म्हणाला, "निवांत सांगतो." निवांत वेळ आलाच नाही. नंतर ज्याला ज्याला विचारलं, त्यानं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

दादा गेला. बदनापूरजवळ, मोटरसायकलवर. आता ऑफिसात चार माणसं बसली की कोणीतरी त्याचा किस्सा काढतंच. होता तेव्हा एवढे किस्से नव्हते राव! आता एक निघाला की त्याला धरून दुसरा निघतो.

जालन्यात आमच्या शेठजींची बियाण्यांची कंपनी आहे. दादा तिथं कॉम्प्युटरवाला, मी टेम्पो चालवतो. शाळेचं आणि माझं नववीतच बिनसलं. गावोगावचे दुकानदार ज्या वेबसाईटवर बियाणं बुक करतात, ती दादानं एकट्यानं उभी केली. ती दोन मशीनवर चालते, एक पुढची, एक मागची. तो सांगायचा, "वेब सर्व्हर म्हणजे काउंटरवरचा माणूस. ॲप सर्व्हर म्हणजे आत गोदामातला. काउंटरवाला आत हाक मारतो, गोदामवाला माल काढून देतो. हाक पोचली न्हाई की धंदा बंद!"

दिवस करून मी कामावर आलो, तर साईट बंद. शेठजी म्हणाले, "सोमवारी कपाशीचं बुकिंग. तोपर्यंत बराबर चालली तर संतोषचीच ठेवू. न्हाई तर पुण्याच्या कंपनीची घ्यावी लागंल, बेटा." म्हणजे दादाचं सगळं पुसून टाकायचं. माझं जेवणावरून मन उडालं.

*

एकदा साईट अशीच अडली होती. दादानं पुढच्या मशीनवरून मागचीला विचारलं, आहेस का? उत्तर आलं, आहे. पण काम काही होईना.

आमचे हिशोबाचे मुनीमजी शेजारीच उभे. ते म्हणाले, "आहे म्हणून राह्यली ना, मंग अडचण काय?"

दादा म्हणाला, "घरात हाये, पण दार उघडून न्हाई राह्यली."

मुनीमजींनी मान हलवली. "म्हणजे रुसलेला जावई! बाहेरून हाका मारून काय होतंय? आत जाऊन समजूत काढ!"

दादानं खरंच आत जाऊन बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू केला. साईट चालली. मुनीमजी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, "उपाय माझा!"

*

पुढची मशीन मागचीच्या उत्तरासाठी एक मिनिट थांबायची. तेवढ्यात आलं नाही, तर गिऱ्हाईकाला सांगायची, नंतर या. शेठजींना हे पटेना. "दारातून गिऱ्हाईक परत लावायचं? आपल्यात असं न्हाई चालत. थांब म्हणावं, पाहिजे तेवढं थांब!"

दादानं वेळ वाढवला. दुपारी घनसावंगीच्या दुकानदाराचा फोन. "शेठ, तुमचं चक्र फिरूनच राह्यलंय! मी घरी गेल्तो, जेवलो, डुलकी काढून आल्तो, तरी फिरूनच राह्यलंय!"

शेठजी दादाला म्हणाले, "परत लाव बाबा त्याला. त्याची झोप तरी नीट होईल."

*

हा माझा आवडता. लाईट गेली आणि आली. त्या गडबडीत मागच्या मशीनचा नंबर, म्हणजे तिचा पत्ता, बदलला आणि तिचा जुना नंबर मुनीमजींच्या प्रिंटरला मिळाला. पुढची मशीन बिचारी जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसली, आणि प्रिंटर ओ देत राहिला!

केदारखेड्याहून फोन. "मुनीमजी, तुमच्या साईटवर बियाणं न्हाई दिसून राह्यलं. शाई संपली म्हणून लिहून आलंय!"

मुनीमजींनी फोनवर हात ठेवला आणि दादाला विचारलं, "माझी शाई संपली, हे केदारखेड्याला कोणी सांगितलं?"

*

आणि आता परवाचा.

संभाजीनगरहून इंजिनिअर आला. जिन्याखालचं कपाट उघडून त्यानं पुढची मशीन तपासली. "ही एकदम ठीक आहे. हाक मारतेय, पण पलीकडून काहीच नाही. दुसरी कुठंय?"

दोन्ही कपाटातच असतील असं सगळ्यांना वाटायचं.

मग आम्ही वायर धरून निघालो. पुढं तो, मागं मी. वायर जिन्यावरून वर गेली, पंख्याच्या पाईपाला वळसा घालून दादाच्या कामाच्या खोलीत शिरली. खोलीला कुलूप. मुनीमजींनी किल्ली काढली, पण कुलपाला लावेनात.

आत टेबलावर दादाचा फोटो. टेबलाखालच्या काळ्या डब्यावर हळदकुंकू, वाळलेला हार, उदबत्तीची राख.

मुनीमजी भिंतीकडे बघत म्हणाले, "खबर आली, त्याच दिवशी मी बंद केली. त्याची मशीन, त्याच्यामागं कशी चालू ठेवायची? मला वाटलं, त्याची स्वतःची, लिहिण्याची मशीन असंल."

इंजिनिअरनं बूट काढून दाराबाहेर ठेवले. मुनीमजी बाजूला झाले. "मी न्हाई हात लावणार. घरच्या माणसानं लावावा."

मी हार उतरवला आणि बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. थोड्या वेळानं खालून शेठजी ओरडले, "आली! संतोषची साईट आली!"

आई गावाकडं एकटी आहे, म्हणून मी आता नोकरी सोडून घरी चाललोय. निघायच्या आधी मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो त्या डब्यावर चिकटवला:

"चालू आहे. कोणी बंद करू नये."