सरळ बोटाचा माणूस

परवा फोनवर तू सांगत होतास, की तिकडे कुठल्याशा जुन्या भुताच्या सिनेमाचं संगीत तबकडीवर निघालं आणि ते जमवणारे लोक आपसात भांडायला उठले. एकाला आवाज फारच स्वच्छ वाटला, दुसऱ्याला वेष्टणाचा रंग चुकल्यासारखा वाटला. तू हसत होतास. मी हसले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्याचं कारण लिहून पाठवते, फोनवर मला नीट क्रम लावता येत नाही. ताईलाही वाचायला दे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही खामगावात राहत होतो, तुझे आजोबा वकिली करत होते. रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या बैठकीत तबकड्या ऐकायला तिघे जमत: आजोबा, आमच्या गल्लीतले वैद्य, आणि पिंपळगाव राजाहून येणारे एक शेतकरी, ज्यांना सगळे दादा म्हणत. कोणती तबकडी कोणाकडे गेली याची वही मी ठेवत असे.

वैद्यांना आवाजाचा शौक होता, आजोबांना संग्रहाचा. दादांचं तसं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ दिलरुबा घेऊन घरातून मुंबईला पळाला होता. तिथे सिनेमाच्या वाद्यवृंदात लागला आणि तीन-चार वर्षांत तापानं गेला. त्याचा फोटो नाही, पत्र नाही. फक्त एका भुताच्या बोलपटात, मेलेली बाई विहिरीतून वर येते तेव्हा एकटा दिलरुबा रडतो, तो त्याचा. तंबूतल्या टॉकीजला तो सिनेमा आला तेव्हा दादांनी सातही खेळ पाहिले. पुढे तो सिनेमा कुठेच लागला नाही. त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या मिळत, पण ते रडणं काही कुठल्या तबकडीवर नव्हतं. कधीतरी निघेल म्हणून दादा तबकड्या जमवू लागले होते. बाकीचं संगीत त्यांना फारसं कळत नसे, आणि ते तसं सांगतही.

आणि ते निघालं. वैद्यांनी जाहिरात पाहिली, आजोबांनी मागवलं, जलंब जंक्शनहून येणाऱ्या गाडीनं पार्सल आलं. त्या रविवारी दादा नऊलाच येऊन बसले होते.

वेष्टणावर सगळा मजकूर इंग्रजी. वहीत नोंद करायची म्हणून ते माझ्याकडेच आलं. आजोबा यंत्राच्या सुईत गुंतले होते.

"वहिनी, काय लिवलं हाय?" दादांनी विचारलं.

मी वरची मोठी अक्षरं वाचली. त्या बोलपटाचं भयसंगीत, प्रथमच तबकडीवर. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: जुन्या स्वरलेखनावरून नव्या वादकांनी नव्यानं वाजवून ध्वनिमुद्रित केलेलं. मी वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "नव्यानं काढलेली आहे." आमच्याकडे तबकडी काढणं म्हणजे कंपनीनं ती बाजारात आणणं. दादांनी तेच ऐकलं. माझ्या ध्यानातही आलं नाही.

सुई टेकली. विहिरीचा प्रसंग आला आणि दिलरुबा वरून खाली ओघळत आला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"खरखर कुठी नाई!" वैद्य मांडीवर थाप मारून म्हणाले. "दादा, तुमच्या भावाची भुतीण साबण लावून आंघोळ करून आली की हो!"

आजोबा हसले. दादा हसले नाहीत. "आणखी एक डाव लावा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या डाव्या हाताचं मधलं बोट धरलं. "त्याचं हे बोट वाकडं होतं. लहानपनी मोडेल. सूर खाली येतानी इथी अटके, हुंदका देल्यावानी. टॉकीजमध्ये सात डाव ऐकला म्या. आता काऊन अटकत नाई?"

"मशीननं साफ केलं असंल," वैद्य म्हणाले. "खरखर गेली, त्यासंगं अटकणंही गेलं."

"हाव, तसंच असंल." मग दादा माझ्याकडे वळले. "तसंच ना, वहिनी? मायले आणून ऐकवतो म्हणतो. तिनं एक डावही ऐकेल नाई. बाप टॉकीजमंदी जाऊच देत नव्हता."

वेष्टण आता आजोबांच्या हातात होतं. त्यांनी खालची ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांनी दादांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

"असेल," मी म्हणाले.

पहिलं उत्तर निष्काळजीपणाचं होतं. या दुसऱ्याला मी ते नाव देत नाही. आजोबांनी वेष्टण पालथं करून ठेवलं. दादा गेल्यावर आम्ही दोघांनी जेवून घेतलं आणि त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या रविवारी दादा आईला बैलांच्या दमणीतून घेऊन आले. म्हातारी वाळलेली, पण कान शाबूत. खुर्ची नको म्हणाली, यंत्राजवळ जमिनीवरच बसली. आवाज कुठून निघतो ते हातानं चाचपून पाहिलं.

दिलरुबा आला तशी ती पुढे वाकली. तो खाली ओघळला, तळाला गेला, थांबला.

"बंद कर," ती म्हणाली. "हा माहा नाई."

"माय, मशीननं साफ केलं हाय ते."

"मशीननं बोट सरळ व्हते का बे? तुह्या बापानं बैलाच्या पराणीनं मोडलं ते. वाजवते म्हणून मोडलं. रोज हळद मी लावे. मोडल्यावरबी ढोरांच्या कोठ्यात लपून वाजवे तो, मी बाहीर उभी राहू. हा सरळ बोटाचा मानूस हाय कोनी."

वैद्य खाली पाहू लागले. म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तू शिकेल हाय. त्यावर लिवलं हाय ते अक्षर न् अक्षर सांग मले."

मी वेष्टण घेतलं आणि ती बारीक ओळ वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत, एकही शब्द न गाळता.

दादांनी वेष्टण माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी तर तुमी सांगतलं, नव्यानं काढेल हाय म्हणून."

"तेच लिहिलंय दादा. नव्यानं वाजवून काढलेली."

"मंग 'वाजवून' हा शब्द कुठी ठेवला होता, वहिनी?"

म्हातारीनं पदर सावरला आणि साधं विचारलं, "मंग माहा कुठी हाय?"

आजोबांनी त्याच दिवशी मुंबईला कंपनीला पत्र टाकलं. मूळ ध्वनीची फीत कुठे असेल तर ऐकायला मिळावी, वादकाची आई हयात आहे, असं सगळं लिहिलं. दोन महिन्यांनी इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं. त्या सिनेमाची फीत आणि ध्वनी दोन्ही नष्ट झालेले आहेत, प्रत कुठेही नाही.

दादा तोवर रविवारी यायचे बंद झाले होते. त्यांच्या सगळ्या तबकड्या त्यांनी गाडीत घालून वैद्यांकडे पाठवल्या. ती नवी तबकडी वैद्य पुढेही वाजवत राहिले. त्यांच्या मते इतकं सफाईदार काम आपल्याकडे झालेलं नव्हतं, आणि ते खरंही असावं.

दादांना पाठवायला कंपनीचं उत्तर मराठीत करायचं काम माझंच होतं. मी टेबलाशी बसून ते लिहिलं. आजोबांनी वाचलं आणि म्हणाले, "'नष्ट' जरा मऊ करता येईल का?"

"नाही," मी म्हणाले, आणि पाकीट बंद केलं.

दादांचं उत्तर आलं नाही. दिवाळीच्या आधी त्यांच्या गावचा एक माणूस बाजारात भेटला. म्हातारी गेली म्हणाला. माझं पत्र पोचलं त्या दिवशी दादांनी तिला ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. इतर कुठलंही पत्र ती दोनदा वाचून घ्यायची. या वेळी तिनं पुन्हा वाच म्हटलं नाही.