पुढे घेतलेली सीट

अपघात झालेली गाडी गॅरेजात आली की सगळे आधी तिचं तोंड बघतात. बॉनेट किती चेपलं, दिवा फुटला का, रेडिएटर वाचला का. फूटपट्टी तिकडे ढुंकूनही बघत नसत. ते थेट चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडत, खिशातली घडीची पट्टी काढत, वाकून सीटपासून ब्रेकपर्यंतचं अंतर मोजत आणि मग मान वर करून मधल्या आरशाकडे बघत. एवढं झालं की त्यांचं निम्मं काम झालेलं असे. दुरुस्तीचा खर्च वगैरे ते नंतर, चहा पिता पिता लिहीत.

विमा कंपनीचे ते सर्व्हेअर. ‘फूटपट्टी’ हे नाव गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं, आणि त्यात खिशातल्या पट्टीइतकाच त्यांच्या उंचीचाही वाटा होता. त्यांच्या स्वतःच्या गाडीत सीट अगदी पुढे ओढलेली असे आणि आरसा पार खाली वळवलेला. दुसरं कोणी त्या सीटवर बसायला गेलं की गुडघे डॅशबोर्डवर आपटत. नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. उलट आपला दरारा आहे असं वाटून ते मनातून सुखावत.

घरातली गाडी घरातल्या कोणीही चालवावी, त्याला कायद्याची आडकाठी नाही. गाडी वडिलांच्या नावावर असो की वहिनीच्या, विमा गाडीचा असतो. मालकाची हरकत नसली आणि चालवणाऱ्याजवळ चालू लायसन्स असलं, तर जावयापासून साडूपर्यंत कोणीही ठोकून आणली तरी कंपनी कुरकुरत का होईना पैसे देते. घोडं अडतं ते लायसन्सपाशी. ते नसलं, तर जखमी माणसाला कंपनी भरपाई देते आणि मग मालकाच्या मानगुटीवर बसून ती वसूल करते. दुरुस्तीला छदाम मिळत नाही. शिवाय लायसन्स नसलेल्याच्या हाती किल्ली गेलीच कशी, असं पोलिस मालकाला विचारतात ते वेगळंच. म्हणून घरोघरी एकच नाटक होतं. गाडी ठोकलेली असते मुलाने, आणि ‘मीच चालवत होतो’ म्हणत छाती पुढे काढून उभे असतात वडील. अशा कितीतरी वडिलांना फूटपट्टींनी आजवर तोंडघशी पाडलं होतं.

सुटीच्या दिवशी दुपारी जेवताना ते हे किस्से सांगत. बँकेच्या एका मॅनेजरचा किस्सा तर घरात सगळ्यांना पाठ होता. हे गृहस्थ अगदी शपथेवर सांगत होते की गाडी मीच चालवत होतो. फूटपट्टींनी फक्त विनंती केली, एकदा बसून दाखवा. मग मॅनेजरचं पोट आणि स्टिअरिंग यांची जागेवरून जी मारामारी झाली, ती फूटपट्टी ताटावरून उठून साभिनय करून दाखवत. बायको हसून हसून डोळे पुसे. सगळ्यांत जास्त हसे तो मुलगा. एकुलता एक, आणि उंचीने मामावर गेलेला; वडिलांशेजारी उभा राहिला तर वाटावं, कोणीतरी चुकून यांच्या घरी आलं आहे.

एकदा त्यांनी एका शिक्षिकेची गोष्ट सांगितली. गाडी तिची. भाऊ आईला घाईघाईने दवाखान्यात नेत होता आणि वाटेत खांबावर आदळला. भावाच्या लायसन्सची मुदत संपलेली, म्हणून बाई म्हणाल्या, मी चालवत होते. सीट पार मागे होती. फूटपट्टींनी जे दिसलं ते लिहिलं आणि दावा फेटाळला गेला. बाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. गॅरेजच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, की साहेब, हे तुमच्या घरात झालं असतं तर? आणि फूटपट्टी म्हणाले होते, तर हेच लिहिलं असतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता. खरं तर तेवढ्यासाठीच ती गोष्ट त्यांनी सांगायला घेतली होती.

मुलाने विचारलं, “पण मग तिने सीट पुढे का नाही घेतली? एक दांडा ओढायचा तर असतो.”

“सुचत नाही रे,” फूटपट्टी म्हणाले. “समोर माणूस विव्हळत असताना सीट कोणाला आठवते? म्हणून तर माझं पोट चालतंय.”

सगळे हसले. जेवण पुढे चालू राहिलं.

हा मुलगा लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. गाडी बरी चालवायचा, पण घाई फार. त्या ऑफिसात फूटपट्टींच्या ओळखी होत्या. एक फोन केला असता तर काम झालं असतं. त्यांनी तो केला नाही, आणि केला नाही हे चार लोकांना सांगितलंही. मुलाने कपाळाला आठ्या घालून शिकाऊ लायसन्स खिशात टाकलं. शेजारी लायसन्सवाला माणूस बसल्याशिवाय त्याने गाडीला हात लावायचा नाही, असं घरात ठरलं. ठरवलं फूटपट्टींनी. किल्ली मात्र स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची, आणि त्या खिळ्यावर राज्य आईचं होतं.

तिने ती एका दुपारी दिली. जवळच तर जातोय म्हणाला, असं ती नंतर सांगायची.

फोन आला तेव्हा फूटपट्टी एका गॅरेजात कोणाची तरी सीट मोजत होते. मुलाचा आवाज अजिबात कापत नव्हता. “बाबा, गोदामांच्या मागच्या गल्लीत या. लगेच या. आणि कंपनीच्या गाडीने येऊ नका.”

ते रिक्षाने आले आणि गल्लीच्या तोंडाशीच उतरले. गाडी भिंतीला तिरकी उभी होती. पुढे एक सायकल पडलेली, बाजूला लोखंडी पाने आणि नळाचे तुकडे विखुरलेले. सायकलवरच्या प्लंबरला मागून धडक बसली होती आणि रुग्णवाहिका त्याला नुकतीच घेऊन गेली होती. पाय मोडलाय, पण बोलत होता, असं गोदामातले दोन हमाल सांगत होते. त्यातला एक फूटपट्टींना पाहून मुलाला म्हणाला, “हे आले का तुमचे वडील? बरं झालं. मदत मिळाली का हो साहेब?”

फूटपट्टींना काही कळेना. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही चालवत होता आणि मदत बघायला पळत गेलात, असं सांगितलंय.”

फूटपट्टी नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं. गाडीचं दार उघडलं.

सीट पुढे होती. अगदी त्यांच्या मापाची. आरसा खाली वळवलेला, नेमका त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. क्षणभर त्यांना वेडी आशा वाटली की मुलाने गाडी चालवलीच नसेल, दुसरंच कोणीतरी ठेंगणं माणूस असेल. मग मागून मुलाचा आवाज आला, धडा पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यासारखा. “सीट घेतलीय पुढे. आरसापण केलाय. बघा बरोबर आहे का.”

बरोबर होतं. इतकं चोख काम त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्यातल्या सर्व्हेअरला त्याचं निमिषभर कौतुक वाटलं. त्या कौतुकाची किळस त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन. मुलाने तिला आधीच सगळं कळवलं होतं. त्याच्या नोकरीचं पत्र हातात आलंय, पोलिसांत नाव गेलं तर ती कंपनी त्याला दारात उभं करणार नाही, तुमचं लायसन्स आहे, तुमची गाडी आहे, तुमचं काय जाणार आहे, असं ती एका दमात म्हणाली. हिशेब चुकीचा नव्हता. प्लंबरला भरपाई तशीही मिळणार होती. खोटं बोललं तर कोणाचंच काही जात नव्हतं, असं दिसायला तरी दिसत होतं.

पोलिस आला. त्याने विचारलं, “गाडी कोण चालवत होतं?”

हाच प्रश्न विचारण्यात फूटपट्टींचा जन्म गेला होता. त्यांना ती शिक्षिका आठवली, फाटकाशी उभी असलेली. मग ते म्हणाले, “मी.”

स्वतःची गाडी स्वतः तपासायची नाही, असा कंपनीचा नियम. म्हणून दुसऱ्या एक सर्व्हेअरबाई आल्या. फूटपट्टींच्याच हाताखाली शिकलेल्या, आणि शिकवलेलं जराही न विसरलेल्या. गॅरेजात शिरल्या त्या थेट दाराशी गेल्या. वाकल्या, मोजलं, मान वर करून आरसा पाहिला. फूटपट्टी दोन हात मागे, चेपलेल्या बॉनेटकडे बघत उभे होते. उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच बॉनेट इतकं निरखून पाहिलं असेल.

“तंतोतंत, सर,” त्या उठत म्हणाल्या. “सगळे तुमच्यासारखं सरळ सांगायला लागले तर आपल्याला कामच उरणार नाही.”

त्या मनापासून बोलल्या. टोमणा असता तर फूटपट्टींना तो सोसला असता.

दावा मंजूर झाला. त्यानंतर फूटपट्टी एकदा फळांची पिशवी घेऊन प्लंबरला भेटायला गेले. सरकारी दवाखान्याचा लांबलचक वॉर्ड, खिडकीकडचा पलंग, पाय वर टांगलेला. माणूस हसतमुख होता. त्यानेच साहेबांना स्टूल सरकवायला सांगितलं, त्यानेच तब्येतीची चौकशी केली. वरचा पंखा कुरकुरतोय, पाय बरा असता तर आधी तोच दुरुस्त केला असता, असं काहीबाही बोलत राहिला. विम्याचे पैसे येणार आहेत, साहेबांनी काही लपवाछपवी केली नाही, नाहीतर लोक पळून जातात, असंही म्हणाला. फूटपट्टींनी मान खाली घातली. उठायच्या बेतात होते तर तो म्हणाला, “एक विचारू का साहेब? राग नका मानू.”

“विचारा.”

“मी पडलो तेव्हा शुद्धीत होतो. मान वळत नव्हती, पण दाराखालून तुमचे पाय दिसत होते. तुम्ही उतरलात. म्हटलं, आता येतील. तर तुम्ही परत आत गेलात. मग आतून खट् खट् असा आवाज आला. मला वाटलं, पाण्याची बाटली काढताय. फार तहान लागली होती हो.” तो जरासा हसला. “मी हाकही मारली. तुम्हाला ऐकू गेली नसणार. मग बऱ्याच वेळाने तुम्ही फोनवर बोलताना ऐकलं. काय करत होता तेव्हा?”

सीटचा दांडा ओढून सीट पुढे घेतली की ती रुळावर खट् खट् करत सरकते. हा आवाज फूटपट्टींनी हजारदा ऐकला होता. आधी फोन केलास की आधी सीट घेतलीस, हे मुलाला विचारायचं त्यांनी इतके दिवस टाळलं होतं. आता विचारायची गरज उरली नाही. आणि हे आपण केलं नाही, असं सांगायची सोयही उरली नव्हती. ते पाय त्यांनी स्वतःच्या सहीने आपले म्हणून घेतले होते.

“फोन शोधत होतो,” ते म्हणाले.

“हां, तेच,” प्लंबर समजुतीने म्हणाला. “होतं असं. घाबरल्यावर हाताखालची वस्तू दिसत नाही माणसाला. मनाला लावून घेऊ नका.”

पुढच्या सुटीच्या दिवशी दुपारी नेहमीसारखीच पंगत बसली. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती, मुलगा तिसऱ्या खेपेला लायसन्सची परीक्षा पास झाला होता, आणि घरात बऱ्याच दिवसांनी हसणं-खिदळणं चाललं होतं. फूटपट्टी आता किस्से सांगत नसत. त्यामुळे मुलानेच सूत्रं हातात घेतली. सर्व्हेअरबाईंबरोबर बाबा कसे ओशाळवाणे उभे होते आणि बाई कशा वाकून वाकून मोजत होत्या, हे त्याने गॅरेजवाल्यांकडून ऐकलं होतं. तो ताटावरून उठला आणि बाई वाकायच्या कशा, पट्टी धरायच्या कशा, ‘तंतोतंत, सर’ म्हणाल्या कशा, ते साभिनय करून दाखवलं. हातवारे थेट बापाचे. आई हसून हसून डोळे पुसायला लागली.

हसू ओसरल्यावर फूटपट्टींनी विचारलं, “गाडीत पाण्याची बाटली होती. त्याला पाणी दिलं होतंस का?”

“कोणाला?” मुलाने विचारलं, आणि आईने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.